खातूनबीच्या हातचा बिबा

खातूनबीचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मधे जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. अकोल्याच्या जुन्या शहरात असंच असतं. समोरच्याच्या चुलीवर काय शिजतंय ते आपल्या चुलीआधी कळतं. त्यामुळे मी, शेषराव किराणावाला, या बाईला जन्मभर पाहत आलो आहे, आणि शपथेवर सांगतो, इतकी चुळबुळी बाई वऱ्हाडात दुसरी नसेल. जेवायची तीसुद्धा उकिडवी बसून, एक डोळा दारावर. नमाज तेवढी शांतपणे पढायची. सलाम फिरवला की चटई गुंडाळायच्या आत कुणाला तरी ओरडायला सुरुवात.

तिचा धंदा बिबे फोडण्याचा. पातूरच्या जंगलातून वाळल्या बिब्यांची पोती यायची. नवरा शफी होता तोवर तो आणायचा, तो गेल्यावर ती स्वतः टेम्पोवाल्याशी भांडून आणवायची. अंगणात एक चपटा दगड, हातात लोखंडी बत्ता, बाजूला राखेचं घमेलं. हाताला आधी तेल चोपडायचं, मग राख लावायची, मग बिबा दगडावर धरून नेमका एक ठोका. जोरात बसला तर आतल्या गोडंबीचा चुरा होतो, हळू बसला तर बिबा दाद देत नाही. टरफलात काळं तेल असतं, ते उडतं, आणि उडेल तिथं कातडी भाजून काढतं. आतली गोडंबी मात्र पांढरी, गोड, बदामाला मागे सारणारी. बाहेर आग आणि आत मेवा असं फळ देवानं कुणावर रागावून केलं, त्यालाच ठाऊक.

पण आमचं त्याच्यावाचून चालत नाही. गोडंबी नसेल तर बाळंतिणीचे लाडू लाडू नव्हेत, आणि थंडीत गोडंबीची भाजी झाली नाही तर जावई आठवण काढून काढून टोमणे मारतो. टाचेला भेग पडली की बिब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा आणि तेलाचा थेंब भेगेत सोडायचा. पायात काटा मोडला तरी तेच. जुनी माणसं खोकल्यावर दुधातून थेंब घेतात, पण ते जाणत्याच्या हातून. घरी शहाणपणा केला तर घशापासून पोटापर्यंत होळी. धोबी कपड्यावर खूण करतो ती याच तेलाची. कपडा फाटतो, खूण जात नाही. ज्याला बिबा सोसतो त्याचं ते औषध, आणि ज्याला सोसत नाही त्याच्या अंगावर तो उततो, म्हणजे फोड, सूज आणि अशी खाज की माणूस भिंतीला अंग घासतो.

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं तिच्या ओट्यावर पाय पुढे करून बसायची. ती माणसाचं तोंड नंतर बघायची, टाच आधी. "काहून रे पुंजाराम, बैल इकले का? पायानंच वखरून राह्यला वाटते!" असं म्हणत ती भेगेत थेंब सोडायची, आणि साठीचा पुंजाराम लहान पोरासारखा विव्हळायचा. टाचेवरून माणूस ओळखते अशी तिची ख्याती होती, आणि त्या ख्यातीचा तिला गर्व होता. तिच्या स्वतःच्या बोटांची टोकं मात्र कोळशासारखी काळी. नखांच्या कडा, अंगठ्याची पेरं, तळव्यावरच्या रेषा, सगळं काळं. आम्हाला ते हात तसेच दिसायची सवय झाली होती.

अशा घरात उज्मा सून म्हणून आली. खातूनबीचा एकुलता मुलगा अरीब, मोटार रिवाइंडिंगचं त्याचं दुकान, मुलगा गुणाचा. उज्मा अमरावतीची, बी.ए. झालेली, बोलायला गोड आणि दिसायला नाजूक. लग्नाची मेंदी उतरायच्या आत तिचे डोळे सुजून मिटले. खातूनबी हसली. "उतते, मंग जिरते. मी नवी आली तवा माह्यं तोंड भोपयावानी झालं होतं. आता पाय, काई होते का मले?"

इथंच तिची चूक झाली. जे आपल्या अंगानं सोसलं ते दुसऱ्याचंही अंग सोसेल, हे बिबे फोडणाऱ्या बाईशिवाय कुणाच्या डोक्यात येणार? तिनं सुनेला सवय लावायचं ठरवलं. लाडवांत थोडी थोडी गोडंबी घालून खाऊ घातली, काजू म्हणून. त्या दिवशी उज्माला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. ओठ एवढे सुजले होते की पोरीला पाणी गिळता येईना. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हिला बिब्याचा वाराही लागू देऊ नका. खातूनबी दवाखान्याच्या व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत होती आणि मी तिच्यामागे "बसा हो, बसा हो" करत फिरत होतो.

पुढे उज्माला दिवस गेले. खातूनबीनं बिबे मागच्या अंगणात नेले, कपडे वेगळे धुतले, पण एका सकाळी नुसत्या टॉवेलानं सुनेच्या मानेवर फोड उठले. उज्मा रडली नाही, भांडली नाही. बॅग भरली आणि माहेरी अमरावतीला गेली. जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अम्मी, मी तुमच्यावर रागावले नाही. पण या घरात बिबा राहील किंवा माझं लेकरू राहील."

आणि ही बाई, जिनं नवरा गेल्यावर याच दगडावर मुलगा वाढवला, दुसऱ्याच दिवशी सगळी पोती विकून मोकळी झाली. फोनवर सुनेला सांगितलं, "सोडला म्या. कसम." एक अर्धं पोतं मात्र माळ्यावर राहिलं. विसरलं म्हणाली.

मग सुरू झाले आमचे हाल. काम नाही म्हटल्यावर तिला काय करू नि काय नको. पहाटे गल्ली झाडायची. स्वतःच्या दारापुढची नव्हे, सगळी. दुपारी माझ्या दुकानात येऊन तुरीच्या डाळीतले खडे निवडायची, मी नको म्हणत असताना. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायची, "हे साबण नोको नेऊ, थे ने." दुसऱ्याच्या धंद्यात बिब्बा घालणं म्हणतात ते हेच. माझी बायको जमुना तिला म्हणाली, "खातूनबी, घडीभर टेका ना." तर म्हणाली, "टेकलं का हात वयवय करतात व माय." आणि खरंच, बोलता बोलता तिची बोटं मांडीवर काहीतरी धरून ठोकत असायची. आम्ही ते बघायचो आणि दुसरीकडे पाहायचो.

हळूहळू तिच्या हातांवरचं काळं निघायला लागलं. साल जावी तसं कातडं जाई आणि खालून गुलाबी निघे. ती ते उन्हात धरून पाहायची, मलाही दाखवायची. "माही नात होईन पायजा तुमी. शफीले पोट्टीच पायजे होती. अरीब झाला तवा थो म्हने, ठीक हाये, आता पोट्टी. मंग झालीच नाई." नात झाली की तिला याच हातांनी तेल लावायचं, न्हाऊ घालायचं. तिचं ठरलं होतं. बोटांच्या पेरांत तेवढं जरा काळं उरलं होतं.

थंडी पडली आणि एका दुपारी अरीब धावत दुकानावर आला. उज्माला कळा सुरू झाल्या, अमरावतीहून त्याच्या सासूचा फोन होता. मोटरसायकल काढून तो गेला. खातूनबी दारात उभी होती. आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. मी गिऱ्हाइकात गुंतलो. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. ठक्. थोड्या वेळानं पुन्हा ठक्. कित्येक महिन्यांत तो आवाज गल्लीत झाला नव्हता.

मी तराजू टाकून पळालो. मागच्या अंगणात ती दगडासमोर बसली होती, माळ्यावरचं पोतं खाली, आणि ठोक्यावर ठोका. तेल नाही, राख नाही, उघड्या हातांनी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खातूनबी! अवं काय करून राह्यल्या?"

"फोन येऊन नाई राह्यला ना भाऊ." तिनं मान वर केली नाही. "पोट्टी तडफडत असन तठी, अन मी अठी बसू? मले बसवत नाई."

मी हात धरायला गेलो तर ओरडली, "हात नोको लावू, उतन!" मी बाजूला बसलो. खरं सांगतो, तिला थांबवावं असं मला पुन्हा वाटलंच नाही. त्या ठोक्यांशिवाय त्या दुपारी तिला दुसरं काहीच धरून ठेवू शकलं नसतं. ऊन भिंतीवर चढलं तरी ती फोडत होती. शेवटी फोन वाजला. बटण मीच दाबलं, तिचे हात भरलेले होते. अरीब पलीकडून ओरडत होता, "अम्मी, मुलगी! दोघी चांगल्या आहेत!"

ती एवढ्यानं हसली की पलीकडच्या छपरावरची माकडं पळाली. "पायलं ना भाऊ? पोट्टीच! शफीची पोट्टी!" आणि टाळी वाजवायला दोन्ही हात समोर आणले. तिथंच थांबली. मनगटापर्यंत काळे, चकचकीत, ओले हात. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचं तोंड उतरलं.

त्यानंतर तिनं काय नाही केलं? खोबरेल चोळलं, राख चोळली, रॉकेल चोळलं, माझ्याकडून चिंच नेली, कापूर नेला. ओलं तेल गेलं, डाग गेले नाहीत. काही ठिकाणी कातडं सोलून रक्त आलं, त्याच्या कडेनं काळं तसंच. अरीब रोज फोन करायचा, "अम्मी, कधी येतेस?" ही आज सर्दी, उद्या कंबर, परवा गाड्यांना गर्दी अशी कारणं सांगायची. शेवटी तो चिडला. म्हणाला, "उज्माच्या घरचे विचारताहेत, दादी काहून येत नाही. मी काय सांगू?" तेव्हा ती माझ्या दुकानात आली.

"शेषरावभाऊ, तुमी चाला संगं. अन हाताचं कोनाले सांगायचं नाई. कसम खा."

"सांगून टाका ना सरळ. चूक झाली म्हणाव."

"अन ती आलीच नाई मंग? म्या कसम खाल्ली होती तिच्यापाशी. ती म्हनन, बुड्डी सुधरत नाई. अन खरंच हाये ते."

शेवटी मी कसम खाल्ली. माझ्यासारख्या बडबड्या माणसानं खायची ती कसम नव्हती.

अमरावतीच्या एसटीत तिनं बोरगाव मंजूपर्यंत खिडकी, मूर्तिजापूरपर्यंत मधली जागा आणि बडनेऱ्यापर्यंत उभं राहणं, असा प्रवास केला. हात सारा वेळ शालीत. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले तर मला कोपरानं ढोसलं. मांडीवर जमुनानं शिवलेल्या झबल्यांची पिशवी, तीही मीच सांभाळत होतो.

उज्माच्या माहेरी दार तिच्या आईनं, गुलफामबींनी उघडलं. भरल्या अंगाची, करारी बाई. त्या घरात बोलणं हिंदीत चालतं. मी माझ्या मराठीत सांगतो. चहा आला, खारी आली. अरीब हसत हसत आतून दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन आला आणि आईपुढे धरली.

"घे अम्मी."

खातूनबी एक पाऊल मागे सरकली. "राहू दे. मी दुरूनच पायतो."

"अगं घे ना!"

"झोपली हाये. कायले उठवते तिले?"

मुलगी टक्क जागी होती. छताकडे बघून मुठी चाळवत होती. खातूनबीचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते आणि शालीच्या आत हात एकमेकांना पिळत होते, ते मला बाहेरून दिसत होतं. कपाळावर घाम. अरीब ओशाळून हसला आणि उभा राहिला. गुलफामबींनी कप खाली ठेवला.

"आम्ही इतके दिवस वाट पाहतोय," त्या म्हणाल्या. "दादी आली की मांडीवर घेईल, ओवाळून टाकेल. तुम्ही आधी आलाच नाहीत. आता आलात तर हातसुद्धा लावत नाही. नातू असता तर धावत आला असता, नाही का?"

मी तोंड उघडलं. खातूनबीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खारी तोंडात कोंबली. माझ्या अंगाची लाही होत होती. जिनं त्या मुलीसाठी दुवा मागून मागून गुडघे झिजवले, ती हे ऐकून घेत होती. गुलफामबी बोलतच होत्या, मुलगी म्हणजे अल्लाची बरकत, आजकालच्या काळात असे विचार कोण करतो, वगैरे. खातूनबी उठली. "चाला भाऊ, गाडी भेटन नाई मंग."

तेव्हा आतल्या खोलीच्या दारात उज्मा येऊन उभी राहिली. पडदा धरून, ओलसर केस, पांढराफटक चेहरा. सगळं ऐकलं असावं.

"अम्मी," ती म्हणाली, "तुम्हाला मुलगी नको होती तर तसं सांगा. मी बिब्याला भीत होते. हे मला कधी वाटलं नव्हतं. मी आता अकोल्याला येत नाही."

खातूनबी दारातच गर्रकन वळली. चिडली किंवा घाबरली की तिच्या तोंडून दुसरी भाषा निघत नाही, फक्त आमची.

"नोको होती? मले नोको होती?" तिनं शाल फेकून दिली आणि दोन्ही हात समोर पसरले. "हे पाय! हे पाय ना!"

काळी बोटं, सोललेले तळवे, रक्ताच्या खपल्या. अरीब मुलीला घेऊन झटकन मागे सरला.

"म्या कसम मोडली. फोडला म्या बिबा. तुले कळा आल्याचा फोन आला अन मले बसवेच ना. अर्धं पोतं फोडलं म्या, रडून रडून फोडलं. मंग फोन आला पोट्टी झाली म्हनून, अन हात पायले त हे असे! कोन्या हातानं घेऊ तिले? तुह्यासारखं तिच्या अंगावर उतलं त? नोको येऊ तू अकोल्याले. माह्या घरी नोको येऊ. पन मले पोट्टी नोको होती असं म्हनू नोको व."

"बघा!" गुलफामबी म्हणाल्या. "सोडला म्हणे! ही बाई मरेपर्यंत सोडायची नाही. माझी मुलगी मी त्या घरात..."

"अम्मा, थांब," उज्मा म्हणाली.

ती जवळ आली. हातांपासून वीतभर अंतर ठेवून ते नीट बघितले, एक एक बोट. रक्त निघालेल्या जागी जास्त वेळ. "हे कशानं?"

"रॉकेलनं घासलं."

"चेहऱ्यावर उडाला होता का?"

"नाई. तोंडावर नाई."

उज्मा आत गेली. बाहेर आली ती कापसाचा बोळा आणि खोबरेलाची बाटली घेऊन. खातूनबीला तिनं खुर्चीत बसवलं, "हात मागे," म्हणाली, आणि करपलेलं भांडं घासावं तसा सासूचा उजवा गाल तेलाच्या बोळ्यानं घासायला लागली. बोळा टाकला, दुसरा घेतला, पुन्हा घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. पुसताना तिच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं आणि ती पुटपुटत होती, "एवढी बोलते, एवढी भांडते, आणि हे सांगता येत नव्हतं? मी किती काय काय समजून बसले." खातूनबी हात पाठीमागे धरून, मान वर करून, शाळेतल्या पोरीसारखी बसली होती.

"हे काळं जाईपर्यंत मी येत नाही," उज्मा म्हणाली. "आणि तो दगड अंगणातून निघाला पाहिजे."

"दगड माझ्याकडे," मी म्हणालो. कसम आता कशाला पाळायची? "उद्याच दुकानात आणतो. त्याच्यावर वजनाचा काटा ठेवीन."

गुलफामबींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच घरात शिरलोय. पण त्यांनीच अरीबच्या हातातून मुलगी घेतली आणि उज्माच्या हातात दिली. उज्मानं दुपट्याचं टोक सोडलं, एक एवढासा पाय बाहेर काढला आणि वाकून तो सासूच्या गालाला लावला.

खातूनबीची पाठीमागची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मुलीनं पाय झाडला, पुन्हा टेकवला. खातूनबीनं गाल हलवला नाही. कितीतरी वेळ ती तशीच बसली, डोळे तेवढे खाली वळवून त्या टाचेकडे बघत. मग अगदी हळू, मुलगी दचकू नये म्हणून ओठ न हलवता, मला म्हणाली,

"पायलं का भाऊ? एकबी भेग नाई."